दहा केशरी, एक हिरवी आणि पेत्रातोसचा ‘त्र’

जर्सीच्या पाठीवर चिकटवलेल्या ‘पेत्रातोस’ या फुटबॉलपटूच्या नावातला ‘त्र’ तिसऱ्या धुण्याला सुटला. आधी खालचं टोक उचललं होतं, मी नखाने चाचपून पाहिलं तर अर्धं अक्षर हातात आलं. काना तेवढा जागेवर उभा, घर पडल्यावर एखादी भिंत उरते तसा. अकरा जर्सींवर मिळून एकोणचाळीस अक्षरं, त्यातलं एक गेलं. हिशेबाने नुकसान फार नाही. पण शिवणारीच्या डोळ्याला पहिल्यांदा उसवलेलंच दिसतं, त्याला काय करणार?

मी शिरोड्याला घरी शिवण करते. ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म, चवथीच्या आधी मखराच्या झालरी. वाड्यावरच्या पोरांनी यंदा सेव्हन-अ-साइड फुटबॉलला संघ उतरवायचं ठरवलं तेव्हा धाकटा आधी माझ्याकडेच आला, “आई, जर्सी तूच शिव.” मी नाही म्हटलं. माझ्याकडे ओव्हरलॉक आहे, सपाट शिवणीचं फ्लॅटलॉक मशीन नाही, आणि जर्सीची छपाई ही वेगळीच विद्या. म्हणून मडगाव गाठलं. न्यू मार्केटच्या मागच्या अंगाला एक जिना चढून वर हे दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकानेच हात जोडले: “बाय, नाव घालू नको. आहेत त्याच ऑर्डरी पुऱ्या होत नाहीत.” हे ऐकून मला जरा बरं वाटलं आणि जरा भीतीही वाटली. दोन्ही खरं ठरलं.

आधी नावांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी उभे राहा, चार मेस्सी आणि तीन रोनाल्डो दिसतात. रेफरी शिट्टी वाजवून “ए मेस्सी!” म्हणाला की दोन्ही संघांतले मिळून तिघे वळतात. आमच्या पोरांनाही तेच हवं होतं. त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने ब्रिस्बेनहून पार्सल पाठवलं. तो तिकडे नोकरीला आहे. पार्सलमध्ये माझ्यासाठी क्रीमची बाटली, भावजयीसाठी चॉकलेटं, आणि धाकट्यासाठी ब्रिस्बेन रोअर या तिथल्या फुटबॉल क्लबची खरी जर्सी. केशरी, छातीवर सिंह. पोरांनी ती हातोहात फिरवली. आपल्या एफसी गोवा क्लबचा रंगही केशरी, त्यामुळे ‘आपलीच’ वाटली. तेव्हा मी म्हटलं, या जर्सीतून खेळून पुढे आपल्या गोव्यात येऊन गेलेले किती आहेत ठाऊक आहे? कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मापांची वही काढली.

वहीची गोष्ट अशी. २०२०-२१चा मोसम. कोरोनामुळे इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अख्खा मोसम गोव्यातच झाला. फातोर्डा, बांबोळीचं जीएमसीचं मैदान आणि वास्कोचं टिळक मैदान, सगळं मिळून ११५ सामने. आणि प्रेक्षक एकही नाही. त्या वर्षी लग्नं नव्हती, म्हणजे ब्लाऊजही नव्हते. मशीन झाकून ठेवलेलं आणि टीव्ही चालू. मापांच्या वहीची मागची पानं रिकामी होती, तिथे मी रोज स्कोअर लिहू लागले. कोणी गोल केला, कोणाला कार्ड, कोण कुठून आलाय. पुढच्या पानांवर छाती ३६, कंबर ३२. मागच्या पानांवर मुंबई सिटी १, गोवा ०. तो गोल ॲडम ले फाँद्रने ९५व्या मिनिटाला पेनल्टीवर केला होता, अजून आठवलं की दात खाते. तो मात्र सिडनी एफसीतून आलेला, त्यामुळे आमच्या यादीतून आपोआप बाद. बरं झालं.

त्या वहीतून आणि नंतरच्या मोसमांतून ब्रिस्बेन रोअरचे माजी खेळाडू वेचले आणि त्यातले नऊ घेतले. एरिक पार्टालू, डेव्हिड विल्यम्स, स्कॉट नेविल, ब्रॅड इनमन, ॲरन अमादी-हॉलोवे, जेम्स डोनाकी, दिमित्री पेत्रातोस, जेमी मॅक्लारेन, टॉम ऑल्ड्रेड. नवांपैकी एकही गोलकीपर नाही. जाऊबाईंना रॉय कृष्णाचं नाव फार हवं होतं, नावातच कृष्ण म्हणून. पण तो फिजीचा, आणि खेळला वेलिंग्टन फिनिक्सकडून. तो संघ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये असला तरी न्यूझीलंडचा. नियम म्हणजे नियम. गोलकीपरसाठी शेवटी नियम वाकवला, ते पुढे सांगते.

कोच म्हणून आमच्या संघाबरोबर जो उभा राहतो (त्याला खेळता येत नाही, ओरडता छान येतं) त्याच्या पाठीवर रॉबी फाउलर. लिव्हरपूलचा तो फाउलर ब्रिस्बेन रोअरचा कोच होता, आणि तिथून सुटल्यावर त्याच बंद दारांच्या मोसमात ईस्ट बंगालचा कोच होऊन गोव्यात आला. येताना नेविल आणि अमादी-हॉलोवे हे ब्रिस्बेनचे दोघेही ईस्ट बंगालच्या संघात. म्हणजे शिवणकामात आपण नव्या घरी जाताना आपली जुनी कात्री बरोबर नेतो, तसं.

आता दुकान.

पहिला मुद्दा रंगाचा. मी खरी जर्सी पिशवीत घालून नेली होती, रंग जुळवायला. मालकाने लांबूनच पाहून “होईल, होईल” म्हटलं. चार दिवसांनी नमुना आला तो झेंडूचा. पिवळा नाही, केशरी नाही, मधलाच. मी परत पाठवला. दुसरा आला तो विटेकडे झुकलेला. मालकाचं म्हणणं, मैदानावर धूळ बसली की सगळे सारखेच. मी म्हटलं, मैदानावर आम्ही धूळ विकत घेणार नाही. तिथे एक सांग्याची मुलगी कॉम्प्युटरवर बसते. तिने माझ्या हातातली जर्सी घेतली, खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि स्क्रीनवर काहीतरी आकडे बदलले. तिसरा नमुना बरोबर आला. हे काम शंभरातले नव्वद दुकानदार करत नाहीत, ट्यूबलाइटखालीच रंग बघतात. साडीला मॅचिंग अस्तर घेताना आम्ही बायका दुकानाबाहेर येऊन बघतो ते उगाच नाही.

हा केशरी रंग ब्रिस्बेनला आला कुठून, तेही त्या मुलीला मी बसल्या बसल्या सांगितलं. १९५७ साली तिकडे स्थायिक झालेल्या डच लोकांनी हॉलंडिया-इनाला नावाचा क्लब काढला, त्याचा हा आजचा वंशज. डच म्हटले की केशरी आलंच. मधल्या काळात नाव क्वीन्सलँड रोअर झालं, २००९ मध्ये ब्रिस्बेन रोअर. ती म्हणाली, “म्हणजे नाव बदलत गेलं आणि रंग तोच?” आमच्या गावातल्या पंचायतीचं उलटं आहे, असं मी म्हणणार होते, पण मालक ऐकत होता.

दुसरा मुद्दा अक्षरांचा, आणि इथे आमची खरी जुंपली.

नावं देवनागरीतच हवीत हा हट्ट माझा. दुकानाचा दर अक्षरामागे पाच रुपये. फलकावर लिहिलेलं आहे. आता पेत्रातोस म्हणजे किती अक्षरं? मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा: पे, त्रा, तो, स. चार. मालक सासष्टीचा, वाचतो लिहितो रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. त्याने बोटांवर मोजली आठ. मी म्हटलं, छापायचं देवनागरीत तर मोजायचंही देवनागरीत. तो म्हणाला, काना-मात्रा काय फुकटात येतात? अमादी-हॉलोवेला माझ्या हिशेबाने सहा, त्याच्या हिशेबाने तेरा. अकरा जर्सींचे माझे १९५ रुपये, त्याचे ४०५. सांग्याची मुलगी तोंड फिरवून हसत होती. शेवटी ३०० वर मिटलं. जर्सी ३६० रुपयांना एक, अकराचे ३,९६०, अक्षरं धरून ४,२६०. दोन हजार आगाऊ. पावती मिळाली, पण वहीचं पान फाडून दिलेली.

गोलकीपरची हिरवी जर्सी इथेच सोपी झाली. नियम वाकवून मायकेल थिओक्लितोस घेतला. तो कधी गोव्यात आला नाही, पण त्याने स्वतःच पुढे आपलं आडनाव आखूड करून ‘थिओ’ केलं होतं. दोन अक्षरं, दहा रुपये. शिवाय पार्टालूशी त्याचं जुनं नातं आहे. १३ मार्च २०११, ऑस्ट्रेलियाच्या लीगमधला ब्रिस्बेनचा अंतिम सामना, सेंट्रल कोस्ट मरीनर्सविरुद्ध. जादा वेळेत ब्रिस्बेन ०-२ ने मागे, घड्याळात तीन-चार मिनिटं. ११७व्या मिनिटाला हेन्रिकेने एक फेडला आणि १२०व्या मिनिटाला थॉमस ब्रोइशच्या कॉर्नरवर पार्टालूने डोक्याने दुसरा. मग पेनल्टी, गोलात थिओ, आणि ब्रिस्बेन ४-२ ने जिंकलं. त्या संघाने त्या काळात सलग ३६ सामने हरल्याशिवाय काढले, कोच होता आंगे पोस्टेकोग्लू. भाच्याने मला त्या कॉर्नरचा व्हिडिओ पाठवला होता. तो म्हणतो, “आत्या, इथे सनकॉर्प स्टेडियमवर एरवी लोक अंड्यासारख्या चेंडूचा खेळ बघायला येतात, आणि फुटबॉल म्हटलं की विचारतात, कुठला?” मला ते ऐकून कसंसंच झालं. मडगावात हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला चहा मिळणार नाही.

तर नावं छापायला दिली. मालकाने रोमीतल्या कागदावरून डोनाकीचं केलं ‘दोनाची’. बरं, वाचणाऱ्याचा दोष नाही, लिहिलेलं तसंच दिसतं. पण पाठीवर ‘दोनाची’ घालून आमचा पोर मैदानात उतरला असता तर पहिल्या मिनिटाला कोणीतरी विचारलंच असतं, “आणि तिनाची कुठे?” मी सामने ऐकलेत, समालोचक ‘डोनाकी’ म्हणायचे. ते बदलून घेतलं. हा डोनाकी आमच्यासाठी जवळचा, कारण तो आमच्याच एफसी गोवाकडून खेळला. ब्रिस्बेनचाच मुलगा, तिथल्याच क्लबात वर आलेला. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे गटातले सामने फातोर्ड्याला झाले, त्यात गोव्याने कतारच्या अल रय्यानला ०-० वर रोखलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला गुण, आणि त्या बचावफळीत हा उंच माणूस. माझ्या वहीत त्या दिवशी ‘०-०’भोवती मी दोनदा वर्तुळ काढलंय.

‘ऑल्ड्रेड’ने तर सगळ्यांची परीक्षा घेतली. त्यात ल, ड आणि र यांचं जोडाक्षर आहे. दुकानातल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी घातलं की जोडाक्षरं फुटतात: ल् चा पाय मोडका दिसतो, शेजारी ड एकटा, र कुठेतरी खाली. मालकाला ते कळलंच नाही, त्याने तसंच प्रेसखाली घातलं. मी नेमकी दुसऱ्या दिवशी गेले म्हणून. जर्सी बाद झाली, पण नवी करताना त्याने एक शब्द न बोलता स्वतःचं कापड घातलं, हे मान्य केलं पाहिजे. मुलीने मग नाव दुसरीकडे टाइप करून, अक्षरांचं चित्र करून आणलं. आता कोणीही देवनागरीत जर्सी करणार असाल तर हे लक्षात ठेवा: छापायच्या आधी स्क्रीनवर प्रत्येक नाव स्वतः वाचा, आणि फोनवर फोटो मागवून नव्हे. जिना चढून जा. पार्टालूचा रफार मी तिथेच बसून सरळ करून घेतला, नाहीतर तो ‘ट’च्या ऐवजी ‘ल’वर जाऊन बसला होता.

आता ‘त्र’ का सुटला, ते. चूक निम्मी आमची आहे.

जर्सीचं कापड पॉलिस्टर, डॉट निट नावाच्या विणीचं. पांढऱ्या कापडावर रंग कागदावरून उष्णतेने चढवतात. साधारण दोनशे अंशाला त्या रंगाची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. त्यामुळे हा रंग खरवडला तरी निघत नाही, हाताला लागतच नाही. मग भाग कापून शिवतात. नावंही याच छपाईत घातली तर ती जन्माची पक्की. पण त्यासाठी नावं आधी ठरावी लागतात, आणि आमची पोरं शेवटच्या दिवसापर्यंत भांडत होती. सगळ्यांना पेत्रातोस हवा, इनमन कोणालाच नको. तेव्हा नावं नंतर वरून चिकटवायची ठरलं. फिल्मवर छापलेली, मागे गोंदाची पावडर, प्रेसखाली दाबून. आणि इथे गोम आहे. प्रेस पुरेशी तापवली की खालचा केशरी रंग पुन्हा उठतो आणि वरच्या पांढऱ्या अक्षरांत चढतो. पहिल्या जर्सीवर संध्याकाळी पांढरी असलेली अक्षरं सकाळी दुधात केशर पडल्यासारखी झाली होती. दिसायला वाईट नव्हती म्हणा. पण म्हणून त्यांनी उरलेल्यांना आच कमी दिली, आणि आच कमी तर गोंदाची पकड कमी. जिथे अक्षराचं अंग रुंद तिथे धकून गेलं. ‘त्र’ची ती बारीक तिरकी शेपटी, तिथे नाही.

हे सगळं मला त्या मुलीने समजावलं, मालकाने नाही. मालकाचं उत्तर होतं, “गरम पाण्यात धुतली असणार.” मी तिसऱ्या धुण्यापर्यंत थंड पाणी, उलटी करून, सावलीत. माझ्यासमोर धुण्याच्या गोष्टी सांगू नये.

शिलाईला मात्र पैकीच्या पैकी. मी घरी येऊन एकेक जर्सी उलटी करून पाहिली. खांद्याला फ्लॅटलॉक, आतून हात फिरवला तर कुठे गाठ नाही. काखेत जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे बाजारच्या जर्सीत नेहमी एक टोचरा गोळा असतो, इथे तो कापून सपाट केलेला. गळ्याची पट्टी ताणून सोडली, जागेवर परत. खालची घडी दुहेरी. हे कोण शिवतं म्हणून विचारलं तर मालकाने आतल्या खोलीचं दार उघडून दाखवलं: एक वयस्क गृहस्थ, डोळ्यांवर जाड चष्मा, मशीनवर वाकलेले. त्यांनी मान वर केली नाही. मी बाहेरूनच नमस्कार केला. कारागिराला मध्येच थांबवलं की टाका चुकतो, हे मला कोणी सांगायला नको.

मापांत फसवणूक नाही पण आळस आहे. एस, एम, एल आणि एक्सएल, बस्स. आमच्या फाउलरचं पोट एक्सएलमध्येही मावत नाही आणि खांदे एमचे. मी माप लिहून दिलं होतं, तरी एक्सएलच आली. ती मी घरी आणून खांद्याला दोन्हीकडे बोटभर घेतली. त्याचे पैसे कोणी दिले नाहीत.

वेळेचं काय विचारता. आठ दिवस सांगितले होते, तेरावा दिवस उजाडला. मध्ये चवथ आली, कामगार घरी गेले, हे मी समजू शकते. माझ्याही घरी त्या आठवड्यात मशीन बंद असतं. पण मग आधी सांगावं. प्रत्येक फोनला एकच उत्तर, “फाल्यां मेळटलें, बाय,” म्हणजे उद्या मिळेल. या ‘फाल्यां’च्या जोरावर मी शिरोडा ते मडगाव तीन फेऱ्या केल्या. बोरीच्या पुलावर बस अडकली की खिडकीतून जुवारी बघत बसायचं. एका फेरीला काम झालंच नाही, म्हणून मार्केटात मिरची-भजी खाल्ली आणि वाल घेऊन परत आले. तेवढाच फायदा.

असो. जर्सी मिळाल्या तो शुक्रवार, सामना रविवारी. पोरांनी घातल्या आणि अंगणात रांगेत उभे राहिले, पाठ माझ्याकडे करून. पार्टालू, विल्यम्स, नेविल. एरवी या नावांचा मला काय संबंध? पण मला तो मोसम आठवला. ही माणसं महिनोन्‌महिने इथेच होती. आमच्या घरापासून फातोर्डा पंचवीस किलोमीटरच्या आत. आणि आम्ही टीव्हीवर बघत होतो, रिकाम्या खुर्च्या आणि रेकॉर्ड केलेला आरडाओरडा. डेव्हिड विल्यम्सने १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानसाठी पहिला गोल मारला. ब्रिस्बेनच्या त्या पार्टालूच्या गोलाला त्याच दिवशी बरोब्बर दहा वर्षं झाली होती, हे मला वही चाळताना आत्ता कळलं. विल्यम्सची सुरुवातही तिथलीच, क्लबचं नाव क्वीन्सलँड होतं तेव्हाची. गोल छान होता, पण सामना मुंबईने २-१ ने नेला, शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने. इतका मोठा गोल आणि टाळी वाजवायला कोणी नाही. मी स्वयंपाकघरातून वाजवली होती. कढईत काजूची भाजी होती, ती लागली.

पार्टालूला मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. नोव्हेंबर २०१७, फातोर्डा, गोवा ४, बेंगळुरू ३. आमच्या कोरोची हॅटट्रिक, बेंगळुरूचा गोलकीपर गुरप्रीतला लाल कार्ड, आणि त्यांच्या तीनपैकी एक गोल या पार्टालूचा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने त्याला कोकणीत जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

पेत्रातोसची जर्सी शेवटी कोणाला मिळाली ते सांगायलाच हवं, कारण तिच्यावरूनच भांडण होतं. २०२३चा आयएसएलचा अंतिम सामनाही फातोर्ड्यालाच झाला होता, तेव्हा प्रेक्षक होते. पेत्रातोसने त्यात दोन्ही गोल पेनल्टीवर मारले, २-२ झालं आणि मोहन बागान पेनल्टी शूटआउटवर जिंकलं. डिसेंबर २०२४ मध्ये परत आला, पुन्हा पेनल्टी, पुन्हा गोल. पण त्या दिवशी आमच्या ब्रायसन फर्नांडिसने दोन मारले आणि गोवा २-१. त्या मोसमात मॅक्लारेन आणि ऑल्ड्रेडही बागानमध्येच, म्हणजे ब्रिस्बेनचे तिघे एका संघात. मॅक्लारेन तर ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सर्वांत जास्त गोल मारलेला माणूस, ऑल्ड्रेड ब्रिस्बेनचा आधीचा कप्तान. मी आणि धाकटा त्या सामन्याला होतो. परत येताना बसमध्ये उभ्याने आलो तरी काही वाटलं नाही.

तर चिठ्ठ्या टाकल्या आणि पेत्रातोस आमच्या शेजारणीच्या मुलाला मिळाला. दुसऱ्याच सामन्यात पेनल्टी मिळाली. सगळे म्हणाले, पेत्रातोसच मारणार, दुसरं कोण? त्याने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, अगदी टीव्हीतल्यासारखा, आणि चेंडू गोलच्या वरून थेट आंब्यावर. खाली यायला वेळ लागला.

आम्ही उपान्त्य फेरीत हरलो. चिखल असा की केशरी कुठला आणि दुसऱ्यांचा निळा कुठला ते पाठीवरच्या नावांवरूनच कळत होतं, तेव्हा देवनागरीचा हट्ट कामी आला. विरुद्ध संघाच्या एका धिप्पाड पोराने आमच्या नेविलला जर्सी धरून मागे खेचलं. गळा हातभर ताणला गेला, सोडल्यावर जागेवर. एक टाका हलला नाही. मी बाजूला उभी राहून गळाच बघत होते, फ्रीकिक मिळाली हे नंतर कळलं.

‘त्र’ घेऊन परत दुकानात गेले. मुलीने पैसे न घेता नवं अक्षर लावून दिलं, वर टेफ्लॉनचा कागद ठेवून दुसऱ्यांदा दाबलंही. त्या जागी कापडावर एक चकाकणारा चौकोन उठला आहे, उजेडात तिरकं धरलं की दिसतो. मी घरी आणून अक्षराच्या कडेने पांढऱ्या धाग्याने बारीक झिगझॅग मारला. बाकीच्या अक्षरांनाही मारायचा आहे, पण आता तुळशीच्या लग्नानंतरच्या ब्लाऊजांची रांग लागली आहे.

दुकानाला पाचपैकी साडेतीन. पुन्हा जाईन, नावं आधी ठरवून आणि पंधरा दिवस हातचे ठेवून. निघताना मी ती फुटक्या जोडाक्षराची ऑल्ड्रेडची बाद जर्सी मागून घेतली. मालक म्हणाला, “तिचं काय करणार, बाय?” काही नाही, कापड चांगलं आहे. रात्री मशीनवर झाकायला बरी पडते.